शेवटच्या महिन्याचं व्याज

कोळसेवाडी, कल्याण (पूर्व)
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

राजरत्न,
सप्रेम जयभीम.

तुझ्या कोपरीच्या घरात माझ्या हाताने केलेल्या वस्तू अशा: बाल्कनीची ग्रिल, बारा एमएमच्या चौकोनी सळईची, एकही सांधा बाहेरून दिसत नाही. बाथरूमवरच्या टाकीचा स्टँड. माळ्यावर चढायची शिडी, सात पायऱ्या, दोन पायऱ्यांत बरोबर साडेनऊ इंच. मुख्य दाराची जाळी. बुद्धमूर्तीची काचपेटी, जिचे कोपरे मी पितळी पट्टीने बांधले आणि पट्टीचे पैसे लावले नाहीत. आणि ते घडीचं टेबल, अडीच बाय दीड फूट. ते डुगडुगतं असं तू म्हणालेलास, तेव्हा मी लेव्हल घेऊन आलो आणि दाखवलं की टेबल सरळ आहे, तुझी फरशी तिरकी आहे.

त्या टेबलावर गेले पाच गुरुवार माझी बायको तुझ्याकडून टक्केवारी शिकते आहे.

नाही म्हणू नकोस. मला तिने सांगितलं, ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. पाच आठवडे मी विचारतोय, काय म्हणाला डॉक्टर? ती म्हणते, बरं वाटतंय. काल लाइटबिल शोधायला तिची पिशवी उघडली तर घडी घातलेला कागद निघाला. त्यावर समीकरण, आणि क्षच्या जागी चौकोन काढून त्यात ‘डबा’ असं लिहिलेलं. डबा! अरे, क्षला क्ष म्हणायला काय होतं? खाली आकडे, त्यात एक ९. तो ९ तुझा आहे. शाळेपासून तुझ्या नऊच्या शेपटीला गाठ असते.

रविवारी विहारात माझा व्यवहारी गणिताचा वर्ग चालतो, हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. सवलतीवर आणखी सूट मिळाली की खरी सूट किती, सोन्याच्या घडणावळीचे टक्के कशावर धरतात, हे मी शिकवतो. जीएसटी धरून आलेल्या किमतीतून मूळ किंमत काढताना अठरा टक्के वजा करायचे नसतात, १.१८ ने भागायचं असतं, हे कल्याण पूर्वेतल्या दोनशे माणसांना तरी माझ्यामुळे कळलंय. त्या वर्गात हीच रमा मागे चहाची किटली घेऊन असते. अकरा वर्षांत तिने एक प्रश्न विचारलेला नाही.

तू बी.कॉम., बँकेतला. मी आठवी. तुला समीकरण मास्तरांनी शिकवलं. मला ते एका जिन्याच्या पायऱ्या सारख्या पाडताना सापडलं, आणि त्याला समीकरण म्हणतात हे नंतर रद्दीतल्या पुस्तकात वाचलं. हे सांगायला मला लाज नाही, उलट अभिमान आहे.

भलता संशय माझ्या मनात नाही. तुझी रचना घरात असते, मला ठाऊक आहे. तो संशय असता तर सोपं होतं, भांडून मोकळा झालो असतो. घरात विहीर असताना बायको दुसऱ्याच्या दारात हंडा घेऊन जाते, याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

ती तुझ्याकडे का आली, एवढंच लिही. फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो.

चांगदेव

*

कोपरी, ठाणे (पूर्व)
बुधवार, २२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

अकरा महिन्यांनी मोठा आहेस म्हणून दादा म्हणतो, आणि त्या अकरा महिन्यांवर तू किती व्याज घेतलंस याचा हिशोब मी कधी मांडला नाही. पत्र वाचून रचना म्हणाली, “ग्रिल काढून न्यायला येतायत का भावजी? आधी सांगा, पडदे धुवून ठेवते.”

हो, वहिनी येतात. पाच गुरुवार आल्या. का येतात ते त्यांनी मला कोणाला सांगू नका म्हटलंय, म्हणून सांगत नाही. तू घरी विचार. मला लिहून नको, वहिनींना समोर बसून विचार.

एवढं सांगतो की त्यांना फार लवकर येतं. साडीच्या दुकानाचं गणित घातलं होतं: आधी तीस टक्के सूट, वर आणखी वीस. मी म्हटलं पन्नास झाले ना? त्यांनी शंभराची साडी धरली, सत्तर केले, सत्तराचे वीस टक्के चौदा, उरले छप्पन्न. “भावजी, दुकानदार पन्नास म्हणतो आणि देतो चव्वेचाळीसच!” आणि अशा हसल्या की रचना स्वयंपाकघरातून बघायला आली.

मी त्यांना म्हटलं होतं, दादा आहे ना घरी, त्याला का नाही विचारत? त्या म्हणाल्या, “ते शिकवतात तेव्हा मला गणित दिसत नाही, त्यांचा चेहरा दिसतो.” रागावू नकोस. मला वाटलं हे तुला कळायला हवं.

डबा हा शब्द माझाच. क्ष पाहिला की माणसं घाबरतात, डब्यात काय आहे ते बघायला मात्र सगळ्यांना आवडतं.

तुझा
राजरत्न

*

कोळसेवाडी
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

राजरत्न,

साडीचं ते गणित मी तिला सत्त्याण्णव सालीच घातलेलं. तेव्हा ती म्हणाली, पन्नास. मी तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी माझा आवाज चढला असेल, मी नाकारत नाही. पण तेव्हा ती हसली नाही आणि तुझ्याकडे हसते, हे तू मला दोन ओळींत लिहून कळवलंस. बरं केलंस. आठवडाभर गाळ्यावर मी तेच ऐकतोय, वेल्डिंगच्या आवाजातसुद्धा.

घरी विचारायची मला गरज उरली नाही. कागद पुन्हा पाहिला. तीन लाख, चोवीस हप्ते, १५,५००. हा तर आमच्या बचत गटाचा आकडा! चौदा बायका मिळून मसाला कांडायचं यंत्र घेणार आहेत. एका खासगी कंपनीचा एजंट, अपूर्व म्हणून डोंबिवलीचा मुलगा, कागद घेऊन आला आणि गटाने ते माझ्यापुढे ठेवले. आठ डिसेंबरला, विहारात, सगळ्यांसमोर मी तपासले. बारा टक्के. तीन लाखांचे बारा टक्के छत्तीस हजार, दोन वर्षांचे बहात्तर. मुद्दल धरून ३,७२,०००, भागिले चोवीस, १५,५००. रुपयाचा फरक नाही. अपूर्व म्हणाला, “सर, आमच्या कॉम्प्युटरच्या आधी तुम्ही काढलंत.” मी कागदावर ‘हिशोब बरोबर’ असं लिहून सही केली. रमा तिथेच होती, कप गोळा करत.

आणि तेच गणित घेऊन ती तुझ्याकडे जाते! नवऱ्याने तपासलेलं पुन्हा तपासून घ्यायला! सोनाराकडचं सोनं दुसऱ्या सोनाराला दाखवतात तसं.

आता तुझी चूक ऐक. कागदावर तू व्याजाचा खरा दर म्हणून २३.०४ काढला आहेस. पहिल्या महिन्याची फेडायची शिल्लक तीन लाख, शेवटच्या महिन्याची साडेबारा हजार, दोघांची सरासरी १,५६,२५०. वर्षाचं व्याज छत्तीस हजार. भागाकार, शंभराने गुणलं, २३.०४. हे सरासरीचं काम आहे, राजरत्न, हे अंदाजपंचे आहे. मी महिन्याला १.८ टक्के धरून चोवीस ओळी लिहिल्या. दर ओळीत शिलकीवर व्याज चढवलं, १५,५०० उतरवले. शेवटी सव्वाशेच्या आसपास रुपये उरले. म्हणजे खरा दर १.८ च्या केसभर खाली, वर्षाला साडेएकवीसच्या जरासा वर. २३.०४ नाही! बँकेत तीस वर्षं बसलास आणि दीड टक्का चुकतोस, आणि माझ्या बायकोला तेच शिकवतोस.

चोवीस ओळींचा कागद सोबत पाठवत आहे. तिला दाखव. म्हणावं, हे तुझ्या नवऱ्याने काढलंय.

चांगदेव

*

कोपरी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

चोवीस ओळी पाहिल्या. एकही खाडाखोड नाही. २३.०४ हा अंदाज आहे, तुझं उत्तर नेमकं आहे, मी कान पकडतो. आता तूच तुझं पत्र पुन्हा वाच. तुझ्याच अक्षरात आहे: वर्षाला साडेएकवीस.

दादा, मग बारा कुठे गेले?

मी शब्द मोडतोय, कारण दिवस थोडे आहेत. सोळा तारखेच्या रविवारी गट सही करणार. चौदा जणी निर्धास्त आहेत, कारण कागदावर ‘हिशोब बरोबर’ असं तुझ्या सहीने लिहिलेलं आहे.

वहिनी पहिल्याच गुरुवारी एक प्रश्न घेऊन आल्या. मी तो त्यांना शिकवलेला नाही, तो त्यांचाच. त्या म्हणाल्या, “भावजी, दर हप्त्यात साडेबारा हजार मुद्दल आणि तीन हजार व्याज. मग शेवटच्या महिन्यात आपल्याकडे त्यांचे साडेबारा हजारच उरलेत ना? त्यावरपण तीन हजार का?”

साडेबारा हजारांवर तीन हजार, एका महिन्याचे, म्हणजे चोवीस टक्के. मी तीस वर्षं कर्जाचे कागद पाहिले. असा प्रश्न समोरच्या खुर्चीवरून मला कोणी विचारला नव्हता.

व्याज शिलकीवर घेतलं आणि ते खरंच बारा टक्के असलं, तर हप्ता १४,१२२ बसतो आणि दोन वर्षांचं व्याज ३८,९२९. कंपनी घेते बहात्तर हजार. तेहतीस हजार एकाहत्तर रुपये जास्त, पापड लाटून आणि धुणीभांडी करून जमवलेल्या पैशातून. तुझा भागाकार बरोबर होता. व्याज कशावर मोजलंय ते तू पाहिलं नाहीस, इतकंच.

इतके गुरुवार त्या उत्तर शोधायला आल्या नाहीत. उत्तर पहिल्या दिवशीच मिळालं होतं. त्या आल्या ते हे तुला कसं सांगायचं यासाठी. तुला चौदा जणींसमोर मान खाली घालायला लागू नये, आणि चौदा जणी बुडूही नयेत. हे समीकरण मला सुटलं नाही. तुला सुटतंय का बघ.

राजरत्न

*

कोळसेवाडी
९ फेब्रुवारी

भावजी,
जयभीम. रचनाला पण.

तुम्ही सांगून टाकलंत. मी चिडले नाही, सुटले एकदाची. डोळ्यांचं सोंग किती दिवस करणार, परवा सुईत दोरा ओवताना ह्यांनी पकडलंच असतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दोन दिवस मी ताट वाढायचं, हे भिंतीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताकरता आरशातूनच म्हणाले, “तो प्रश्न तुझा?”

मी म्हटलं, “हो.”

“राजरत्नने सुचवला नाही?”

“नाही हो. कप विसळताना सुचला.”

“मला का नाही विचारलास?”

मग मी पण बोलले. म्हटलं, “तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तोच भागाकार पुन्हा करून दाखवला असतात. आणखी मोठ्याने.”

ह्यांनी तोंड धुतलं. बराच वेळ नळ चालू. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, “समजाव.” भावजी, सत्तावीस वर्षांत हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, खरं सांगते माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

मी खुर्च्यांचं सांगितलं. समजा विहारातल्या कार्यक्रमाला मंडपवाल्याकडून चोवीस खुर्च्या आणल्या भाड्याने. दर महिन्याला एक परत केली. शेवटच्या महिन्यात घरात एकच खुर्ची, पण मंडपवाला भाडं मागतो चोवीस खुर्च्यांचं. देऊ का आपण?

हे म्हणाले, “एका खुर्चीचं भाडं किती धरलंस?”

“आठ रुपये.”

“आठ कुठे राहिलेत, दहा झालेत.”

बरं म्हटलं, दहा. मग विचारतात, “खुर्च्या त्याने शिकवल्या?” मी म्हटलं, “त्यांनी डबा शिकवला, खुर्च्या माझ्या.” तेव्हा कुठे जेवायला बसले. दोन चपात्या खाल्ल्या.

अपूर्वला मी फोन केला, शेवटच्या महिन्याचं विचारलं. तो म्हणतो, ताई, सरांनी ओके केलंय ना, मग तुम्ही कशाला टेन्शन घेता? मी सांगितलं, कोपरीला आमचे भावजी आहेत बँकेतले, त्यांनीपण बघितलंय. तो गडबडला.

रविवारी हे काय करणार, सांगत नाहीत. मी ठरवलंय, हे गप्प राहिले तर मी उठणार. मग घरात काय व्हायचं ते होवो. पण ह्यांनीच बोलावं असं वाटतं. ह्यांना लोक मास्तर म्हणतात ते मला आवडतं हो, हे ह्यांना माहीत नाही.

तुमची वहिनी,
रमाबाई

*

कोळसेवाडी
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

राजरत्न,
सप्रेम जयभीम.

काल सही झाली नाही.

चौदापैकी तेरा जणी आल्या, एकीचा पाय मुरगळलाय. मी फळ्यावर तोच भागाकार लिहिला आणि म्हणालो, “हा मी तपासला होता. भागाकार बरोबर आहे, पण कर्ज बारा टक्क्यांचं नाही, साडेएकवीसचं आहे. मला ते दिसलं नाही. रमाला दिसलं.” हे मी गाळ्यावर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. चारही वेळा सरळ आलं. विहारात ‘रमाला’ म्हणायच्या आधी पाणी प्यावं लागलं.

रत्नमाला, गटाची अध्यक्ष, म्हणाली, “मास्तर, म्हणजे तुम्ही चुकलात?”

“हो.”

“लिहून द्या ना तेवढं. आमच्या घरी दाखवते, पुरुषमाणूस असं म्हणू शकतो म्हणून.”

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी कागदावरचं ‘हिशोब बरोबर’ खोडलं, तारीख घातली, पुन्हा सही केली.

मग रमा उठली. खडू हातात नीट धरता येत नव्हता तिला, पण खुर्च्या तिने अशा मांडल्या की मागच्या रांगेतली म्हातारीसुद्धा म्हणाली, “हा मंडपवाला तर चोर आहे गं!” शेवटी रमाने खरा दर म्हणून फळ्यावर तेवीस लिहिला. मी मागून म्हणालो, “तेवीस नाही, साडेएकवीस.” ती वळली आणि म्हणाली, “अहो, तेवीस असो नाहीतर साडेएकवीस, बारा नाही ना?” तेरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “नाही.” तरीपण सभा संपल्यावर मी आकडा दुरुस्त केला. फळ्यावर चुकीचा आकडा ठेवून मी कुलूप लावू शकत नाही.

गट आता बँकेत अर्ज करणार आहे, शिलकीवर व्याज असलेल्या कर्जासाठी. कागद काय लागतात ते रमाला सांग. गुरुवारी येईल. मला यायला जमणार नाही, एका जिन्याचं काम घेतलंय.

तू तिला शिकवलंस याबद्दल आभार मानायचा विचार होता, दोनदा लिहून खोडलं. येत नाही. ती तुझ्याकडून येते तेव्हा जिन्यातच तिची चाल वेगळी असते, मी वरून ऐकतो. तिने पहिल्यांदा खडू धरला तो माझ्या फळ्यावर, पण शिकून आली तुझ्याकडून. हे मला सलतं आणि सलत राहील. मोठेपणाचं नाटक मला जमत नाही. इतकं मात्र मान्य करतो की मी वर्गात काय शिकवतो ते अकरा वर्षं पाहिलं, समोरचा का विचारत नाही ते पाहिलं नाही.

आता एक गोष्ट, जी रमालाही सांगितलेली नाही. तुला सांगतो, कारण ती तुला कळायला हवी.

शनिवारी दुपारी अपूर्व गाळ्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. पुडा मी लेथवर ठेवू दिला नाही. म्हणाला, “सर, लेडीज लोकांना शंका असतात. उद्या तुम्ही फक्त एवढंच म्हणा, मी तपासलंय. बाकी मी बघतो. तुमच्या गटाला दर दहा करून देतो.”

“शिलकीवर?”

“नाही सर, आहे तसाच, सुरुवातीच्या रकमेवर. पण दहा.”

मी ग्राइंडर चालू केला. तो थांबून राहिला. बंद केल्यावर म्हणाला, “सर, कल्याण पूर्वेत तुमच्या शब्दावर सह्या होतात. ते कोपरीचे बँकवाले कोण, त्यांना इथे कोण ओळखतं? आम्ही तुमच्या नावाचा बोर्ड लावू, आर्थिक सल्लागार. रमाताईंना पण कळेल ना, कोणाला विचारायचं ते.”

खोटं कशाला सांगू, इथे मी थांबलो. त्याने तुझं नाव घेतलं नव्हतं, पण मला तो बोर्ड दिसला, आणि बोर्डाखालून जाताना तू दिसलास. पट्टी मोजायला घेतली होती ती तीनदा मोजली, तिन्ही वेळा वेगळी आली.

मग त्याने आकडा सांगितला. वर्षभरात मी दहा गट आणायचे, प्रत्येकाचं कर्ज तीन लाख, आणि त्यावर दीड टक्का मला, रोख. एका गटाचे साडेचार हजार, म्हणजे बायकांच्याच हप्त्यांतून. मी गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. नाकारलेली रक्कम: पंचेचाळीस हजार रुपये.

चांगदेव